दोन बेटांमधला वेळ

दोन बेटांवरच्या विमानतळांमधले अंतर हा मला भूगोलातला सर्वांत स्वच्छ आकडा वाटत आला आहे. जमिनीवरच्या दोन गावांमधले अंतर विचारले की ‘कोणत्या रस्त्याने?’ हा प्रतिप्रश्न ठरलेलाच असतो. घाट, पूल, वळसा, रेल्वेमार्ग, प्रत्येकाचे उत्तर निराळे. दोन बेटांमध्ये मात्र नुसते पाणी असते आणि त्यावरून जाणाऱ्या विमानाला ना डोंगर चुकवायचा असतो, ना नदीवरचा पूल गाठायचा असतो. नकाशावर ओढलेली रेषा आणि प्रवासाची वाट या दोन गोष्टी इथे जवळजवळ एकच होऊन जातात. म्हणूनच, कोणी त्या अंतराला विमानाच्या वेगाने भागून खाली ‘प्रवासाचा वेळ’ असे लिहून मोकळे झाले की मी तिथे अडतो. अंतर पृथ्वीच्या आकारातून येते. वेळ येतो तो वाऱ्यातून, धावपट्टीच्या लांबीतून, टाकीतल्या इंधनातून आणि विमान आठवड्यातून किती वेळा जाते यातून; आणि बेटावर राहणाऱ्या माणसाचे जगणे या दुसऱ्या आकड्याला बांधलेले असते.

आधी अंतराचा हिशोब करतो, कारण तो करण्यात निखळ आनंद आहे. हवाईतल्या होनोलुलूचा विमानतळ सुमारे २१.३ अंश उत्तर अक्षांशावर आणि १५७.९ अंश पश्चिम रेखांशावर आहे. फिजीतला नाडीचा विमानतळ सुमारे १७.८ अंश दक्षिण आणि १७७.४ अंश पूर्व इथे आहे. पृथ्वीच्या केंद्रापासून या दोन्ही ठिकाणांकडे एकेक रेषा ओढली, तर त्या दोन रेषांमध्ये काही एक कोन होतो. गोलावरच्या त्रिकोणमितीचे शाळा-महाविद्यालयात शिकवले जाणारे सूत्र वापरले की तो कोन सुमारे ४५.९३ अंश येतो. आता अंशाचा साठावा भाग म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरचा एक सागरी मैल, अशी ही जुनी आणि सोयीची व्यवस्था असल्यामुळे ४५.९३ ला ६० ने गुणले की २,७५६ सागरी मैल मिळतात, आणि सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा धरला की ५,१०४ किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याने अधिक काटेकोर गणितात हा आकडा थोडा हलतो, पण तो फरक अर्ध्या टक्क्याच्या आतच राहतो. एक कागद, एक पेन्सिल आणि कोष्टक एवढ्यावर कोणालाही महासागराची रुंदी काढता येते, याचे मला आजही मनापासून अप्रूप वाटते.

हेच अंतर वेळात उतरवायला गेलो की काय होते ते १९२८ सालच्या एका उड्डाणात दिसते. त्या वर्षीच्या जून महिन्यात ऑस्ट्रेलियन वैमानिक चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ आणि त्याचे तीन सहकारी ‘सदर्न क्रॉस’ नावाच्या तीन इंजिनांच्या फॉकर विमानातून साधारण याच वाटेने गेले. हवाई बेटांपैकी काउआई बेटावरच्या बार्किंग सँड्स इथून ते उडाले आणि साडेचौतीस तासांनी फिजीतल्या सुवा शहरात, अल्बर्ट पार्क या खेळाच्या मैदानावर उतरले. समुद्रावरून इतके लांब उड्डाण तोवर कोणी केलेले नव्हते. मैदान विमान कसेबसे थांबवण्यापुरते होते; पुढच्या टप्प्याचे पुरेसे इंधन भरून तिथून वर चढणे शक्यच नव्हते. म्हणून रिकामे, हलके विमान आधी नासेलाई या लांब वाळूच्या किनाऱ्यावर नेले गेले, तिथे इंधन भरले आणि मगच ते ब्रिस्बेनकडे निघाले. आज होनोलुलू ते नाडी हे उड्डाण साडेसहा ते सात तासांचे आहे. अंतर तसूभरही बदललेले नाही. पण उतरण्याची जागा आणि उडण्याची जागा एकच असेल असे गृहीत धरता येत नव्हते, तेव्हा सुवाहून पुढच्या प्रवासाचा वेळ कोणत्या विमानतळापासून मोजायचा, याचेही उत्तर सोपे नव्हते.

दुसऱ्या टोकाला स्कॉटलंडच्या उत्तरेकडचे ऑर्कनी द्वीपसमूहातले वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे आहेत. या दोन बेटांवरच्या धावपट्ट्यांमधले अंतर आहे २.७ किलोमीटर, मोठ्या विमानतळांच्या कित्येक धावपट्ट्या याहून लांब असतात. १९६७ पासून चालू असलेली ही जगातली सर्वांत छोटी नियमित विमानफेरी. वेळापत्रकात तिला दोन मिनिटे दिलेली आहेत आणि वारा अनुकूल असताना ती एका मिनिटाच्या आत, अगदी ५३ सेकंदांतही पार पडलेली आहे. ब्रिटन-नॉर्मन आयलंडर या दोन पंख्यांच्या लहान विमानात सहवैमानिक नसतो, त्यामुळे वैमानिकाशेजारच्या आसनावर प्रवासी बसू शकतो आणि चाके जमिनीवरून सुटतात न सुटतात तोच समोरच्या काचेतून उतरायची पट्टी त्याला दिसू लागते. मधल्या पाण्यावर विमान उंची घेण्याच्या भानगडीत पडतच नाही.

आता वेगाचा हिशोब पाहा. दोन मिनिटांत २.७ किलोमीटर म्हणजे ताशी ८१ किलोमीटर, रस्त्यावरची साधी मोटारही एवढ्या वेगाने जाते. तेच विमान लांब पल्ल्यावर ताशी सुमारे २४० किलोमीटरने सहज उडते. होनोलुलू-नाडीचा सरासरी वेग साडेसहा तास धरले तर ताशी ७८५ किलोमीटर येतो. म्हणजे अंतर जितके कमी, तितका प्रत्येक किलोमीटर महाग पडतो, कारण धावणे, उचलणे, वळणे, उतरणे, थांबणे हा खर्च अंतर कितीही असले तरी चुकत नाही. कोणत्याही दोन बेटांना एकच ‘सरासरी विमानवेग’ लावून वेळ काढणारे गणित नेमके इथे फसते, आणि लहान बेटांच्या बाबतीत सर्वांत जास्त फसते.

याचे अधिक रोजचे उदाहरण हवाईतच आहे. होनोलुलू ते माउई बेटावरचे काहुलुई हे अंतर साधारण १६० किलोमीटर. विमान प्रत्यक्ष हवेत असते ते वीस-पंचवीस मिनिटे, पण वेळापत्रकात चाळीस-पंचेचाळीस मिनिटे लिहिलेली असतात. विमान कंपनी वेळ मोजते ती उभ्या विमानाच्या चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून दुसरीकडे ते पुन्हा लावेपर्यंत. धावपट्टीपर्यंतचे रांगणे आणि रांगेतले थांबणे त्यात आलेच. त्याआधीचा सुरक्षा तपासणीचा आणि सामानाचा वेळ तर कोणत्याच आकड्यात नसतो. तरीही तिथले लोक रुग्णालयासाठी, शाळेच्या सामन्यांसाठी, लग्नांसाठी विमानानेच ये-जा करतात, कारण दुसरे साधन नाही. २००७ मध्ये ओआहू आणि माउई यांच्यात मोटारींसकट माणसे नेणारी मोठी वेगवान बोट सुरू झाली होती आणि ती हे अंतर सुमारे तीन तासांत कापत असे. पर्यावरणीय परीक्षणाचा वाद न्यायालयात गेला आणि २००९ च्या मार्चमध्ये ती बंद पडली. त्या बोटीचे पर्यावरणावरचे परिणाम हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे. मला इथे एवढेच नोंदवायचे आहे की समुद्राचा पर्याय गेला त्या दिवसापासून विमानाची ती पंचेचाळीस मिनिटे त्या दोन बेटांमधला एकमेव वेळ ठरली.

वाऱ्याबद्दल एक समज फार पक्का आहे: जाताना वारा समोरून आला तर येताना तो पाठीशी असेल आणि हिशोब फिटेल. तो फिटत नाही. स्वतंत्र सामोआतला फालेओलो विमानतळ आणि अमेरिकन सामोआतले पागो पागो यांच्यात सुमारे १५० किलोमीटर आहेत, आणि या भागात व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात. समजा, लहान विमानाचा वेग ताशी २४० किलोमीटर आहे आणि वारा ताशी ६० किलोमीटरचा. पूर्वेकडे पागो पागोला जाताना जमिनीच्या हिशोबाने वेग उरतो १८०, म्हणून लागतात ५० मिनिटे. परतताना वेग होतो ३०० आणि लागतात ३० मिनिटे. दोन्ही मिळून ८०. वारा नसता तर ७५ मध्ये जाऊन येता आले असते. कारण उघड आहे: विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक वेळ राहते, म्हणून वारा जितका काढून घेतो तितका परत देत नाही. छोट्या, मंद विमानांना हे अधिक भोवते, आणि बेटांमधली विमाने बहुधा छोटी आणि मंदच असतात.

याच दोन सामोआंमध्ये वेळाचा आणखी एक पेच आहे. २०११ च्या अखेरीस स्वतंत्र सामोआने वाररेषेची बाजू बदलली; ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी असलेल्या व्यापारात दर आठवड्याला कामाचे दिवस वाया जाऊ नयेत हा त्यामागचा विचार होता. गुरुवार, २९ डिसेंबरनंतर तिथे थेट शनिवार, ३१ डिसेंबर उजाडला. अमेरिकन सामोआ मात्र जुन्या बाजूलाच राहिला. आज या दोन विमानतळांवरची घड्याळे एकच वेळ दाखवतात, पण तारखेत पूर्ण एका दिवसाचा फरक असतो. फालेओलोहून शुक्रवारी सकाळी दहाला निघालेला प्रवासी पाऊण-एक तासाने पागो पागोला उतरतो तेव्हा तिथे गुरुवारचे पावणेअकरा-अकरा झालेले असतात. त्याला घड्याळाच्या काट्यांना हात लावावा लागत नाही, पण भेटीची वेळ ठरवताना, पगाराचा दिवस मोजताना, उपासनेचा रविवार धरताना त्याला आपण कोणत्या बेटावर आहोत हे आधी सांगावे लागते. दोन्हीकडे नातेवाईक असलेल्या कुटुंबांना एकच वाढदिवस लागोपाठ दोन दिवस करता येतो, हे ऐकायला गमतीचे असले तरी त्याच कुटुंबांना अंत्यविधीचा दिवसही असाच सांभाळून सांगावा लागतो.

पण या सगळ्यापेक्षा जड प्रश्न निराळा आहे: पोहोचल्यावर उतरता आले नाही तर? खंडावरच्या विमानतळावर धुके दाटले तर विमान शेजारच्या शहरात उतरते. एकाकी बेटाला शेजारचे शहर नसते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत अशा विमानतळांची वेगळी दखल घेतली आहे. पर्यायी विमानतळ नसेल, तर जेट विमानाने बेटावर पोहोचल्यानंतरही साधारण दोन तास उडत राहता येईल इतके इंधन बरोबर न्यावे लागते, आणि वाटेत एक असा बिंदू ठरवावा लागतो की ज्याच्या पुढे गेल्यावर मागे फिरता येणार नाही. त्या बिंदूपाशी वैमानिक पुढच्या बेटाचे हवामान पुन्हा विचारतो आणि मगच पुढे जातो. ताहितीहून ईस्टर बेटाला जायचे म्हणजे पॅसिफिकवरून सुमारे ४,२५० किलोमीटर, आणि तिथली मातावेरीची धावपट्टी एकच; पुढे चिलीचा किनारा आणखी सुमारे ३,७०० किलोमीटरवर. अशा मार्गावर जादा इंधनाचे वजन वाहायचे तर प्रवासी किंवा माल कमी करावा लागतो. म्हणजे बेटाचे एकाकीपण शेवटी तिकिटाच्या किमतीत आणि दुकानातल्या भाजीच्या दरात मोजले जाते.

दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटाने हे पुरेपूर अनुभवले आहे. नेपोलियनला जिथे १८१५ ते १८२१ या काळात कैदेत ठेवले होते तेच हे बेट; निवडले गेले ते दूर होते म्हणूनच. तिथे विमानतळ बांधून झाला तेव्हा लक्षात आले की कड्यांवरून उसळणारा वारा धावपट्टीच्या टोकाशी अचानक दिशा आणि वेग बदलतो. २०१६ चे उद्‌घाटन पुढे ढकलावे लागले आणि नियमित प्रवासी सेवा सुरू झाली ती ऑक्टोबर २०१७ मध्ये, लहान एम्ब्रेअर जेटने. जोहान्सबर्गहून बेटाकडे जाताना ते विमान आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत इंधनासाठी थांबत असे, जेणेकरून उतरता आले नाही तर परत किनारा गाठता यावा. परतीच्या वाटेवर मात्र असे थांबण्याची गरज नव्हती. एकाच दोन ठिकाणांमधला जाण्याचा आणि येण्याचा वेळ इथे वाऱ्यामुळे वेगळा पडला नाही, काळजीमुळे वेगळा पडला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. त्या जादा थांब्याला उशीर म्हणणे चूक आहे.

अशी काळजी कशासाठी, हे २०१४ च्या जुलैमध्ये दिसले. होनोलुलूहून ग्वामला निघालेल्या बोईंग ७७७ विमानात जळल्यासारखा वास येऊ लागला आणि तीनशेहून अधिक प्रवाशांसह ते मिडवे या प्रवाळबेटावर रात्री उतरले. या बेटावर मोजकी माणसे आणि लक्षावधी अल्बॅट्रॉस पक्षी राहतात. धावपट्टी राखली आहे ती मुख्यतः अशाच एखाद्या रात्रीसाठी. प्रवाशांना दुसऱ्या विमानाने होनोलुलूला परत आणले गेले. होनोलुलू ते ग्वाम हे अंतर सुमारे ६,१०० किलोमीटर आहे असे आपण वाचतो, तेव्हा त्या रेषेच्या बाजूला कोणीतरी एक धावपट्टी झाडून-पुसून ठेवत असते, हे त्या आकड्यात कुठेच नसते.

आणि जेव्हा असे काहीच नव्हते त्या काळातले एक उड्डाण मला विसरता येत नाही. २ जुलै १९३७ रोजी अमेरिकी वैमानिक अमेलिया इअरहार्ट आणि विमानाचा मार्ग ठरवणारा तिचा सहकारी फ्रेड नूनन न्यू गिनी बेटावरच्या लाए इथून हाउलँड बेटाकडे निघाले. अंतर होते ४,११३ किलोमीटर. हाउलँडची लांबी जेमतेम अडीच किलोमीटर, रुंदी एका किलोमीटरपेक्षा कमी आणि उंची समुद्रापासून काही मीटर. एवढ्या लांब पल्ल्यात दिशेत एका अंशाची चूक झाली, तर शेवटी विमान सुमारे ७० किलोमीटर बाजूला जाते; शिवाय त्या काळच्या नकाशावर बेटाची जागाच काही मैल चुकलेली होती. रात्रभर समोरचा वारा. सकाळी किनाऱ्याजवळ उभ्या असलेल्या इटास्का या जहाजावर तिचा आवाज स्पष्ट येत होता, इंधन कमी उरल्याचे ती सांगत होती, आणि तिला मात्र जहाज दिसत नव्हते. तिच्यासाठी त्या बेटावर मुद्दाम धावपट्ट्या तयार केल्या होत्या. त्यांवर ती कधीच उतरली नाही. अंतर जवळजवळ बिनचूक ठाऊक असूनही वेळ हातातून निसटतो तेव्हा काय होते, याचे याहून कठोर उदाहरण माझ्यासमोर नाही.

आज उपग्रहांमुळे बेट न सापडण्याची भीती गेली. राहिला तो फेऱ्यांचा प्रश्न, आणि माझ्या मते दोन बेटांमधला खरा वेळ तिथेच दडलेला आहे. सेंट हेलेना ते असेन्शन बेट हे अंतर सुमारे १,३०० किलोमीटर. जेट विमान ते दोन तासांच्या आसपास कापते. पूर्वी ‘आरएमएस सेंट हेलेना’ हे टपालजहाज त्याला सुमारे दोन दिवस घेई, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत त्या जहाजाची अखेरची फेरी झाली. दोन दिवसांचे दोन तास झाले हे खरे आहे. पण असेन्शनची ही विमानफेरी महिन्यातून एकदाच जाईल अशा बेताने सुरू झाली. असेन्शनवर नोकरी करणाऱ्या आणि घर सेंट हेलेनाला असणाऱ्या माणसाला आईच्या आजारपणाची बातमी विमान गेल्याच्या दुसऱ्या दिवशी कळली, तर त्याच्यासाठी ते अंतर दोन तास अधिक चार आठवडे एवढे आहे.

पॅसिफिकमध्ये १९६८ पासून एक विमान होनोलुलू आणि ग्वाम यांच्यामध्ये बेटाबेटावर थांबत जाते: माजुरो, क्वाजालेन, कोस्राए, पोनपेई आणि चुउक ही ती बेटे. थेट विमानाला जिथे आठ तासांच्या आसपास लागतात तिथे याला चौदा तासांहून अधिक लागतात. वाटेतल्या कोणत्याही बेटावर बिघाड झाला तर दुरुस्ती करणारा मिळणार नाही, म्हणून यंत्रज्ञ आणि काही सुटे भाग विमानातूनच बरोबर नेले जातात. घाईच्या प्रवाशाला हे विमान संथ वाटेल. बेटांवरच्या लोकांसाठी ते औषधे, टपाल, विद्यार्थी, रुग्ण आणि शवपेट्या नेणारे जवळजवळ एकमेव साधन आहे, आणि ते सर्वच बेटांवर रोज येत नाही.

कोस्राए आणि पोनपेई यांच्यामध्ये सुमारे ५५५ किलोमीटर आहेत आणि उड्डाण तासा-सव्वा तासाचे. दोन्ही बेटे एकाच देशाची, मायक्रोनेशियाच्या संघराज्याची. राजधानी पालिकिर पोनपेईवर आहे. कोस्राएच्या रहिवाशाला राजधानीतल्या एखाद्या कार्यालयात अर्ध्या दिवसाचे काम निघाले, तर तो विमानात तासभर बसतो, काम करतो आणि परतीचे विमान ज्या दिवशी त्या बाजूने येईल त्या दिवसापर्यंत तिथेच मुक्काम करतो. निवासाचे आणि जेवणाचे पैसे, बुडालेला रोजगार, घरी लहान मुले कोणाकडे ठेवायची याची व्यवस्था, हे सर्व त्या तासाला जोडूनच येते. प्रवासाचा वेळ सांगणाऱ्या प्रत्येक कोष्टकात किलोमीटर आणि तास यांच्या शेजारी आणखी एक रकाना असावा असे मला फार वाटते: परतीचे पुढचे विमान किती रात्रींनी.